झिंग्याची ॲलर्जी आणि आयोडीनची बदनामी

सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध देण्याआधी आपल्याकडे रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "झिंगे, मासोळी खाल्ल्यावर काही त्रास होते का?" रुग्ण म्हणतो, "हो साहेब, झिंगे खाल्ले का मले पित्त उठते." लगेच कागदावर लाल शाईने 'आयोडीन ॲलर्जी' असे दोन शब्द लिहिले जातात. मग तपासणी पुढे ढकलली जाते, औषध न देता अर्धवट उरकली जाते किंवा रुग्णाला नागपूरचा रस्ता दाखवला जातो. धारणीहून घाट उतरून आलेल्या मजुराच्या दृष्टीने हा दोन दिवसांच्या मजुरीचा आणि कधी कधी वेळेवर निदान होण्याचा प्रश्न असतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. हे दोन शब्द चुकीचे आहेत आणि ते दुहेरी नुकसान करतात. ज्या औषधाचा झिंग्याशी संबंध नाही, ते रुग्णाला नाकारले जाते. हे पहिले नुकसान. दुसरे त्याहून मोठे आहे. खरा धोका कशाचा आहे, हे रुग्णाला कळतच नाही. तो घरी जाऊन सांगतो, "मले आयोडीन चालत नाही." मग कोणीतरी त्याला समजावते की आयोडीन समुद्राच्या झिंग्यात असते, आपल्या नदीचा, धरणाचा झिंगा खायला हरकत नाही. दुसरा सांगतो, चांगला रटरटा शिजवून खा, काही होत नाही. तिसरा म्हणतो, झिंगे बाजूला काढ आणि नुसता रस्सा घे. हे तिन्ही सल्ले धोक्याचे आहेत. ते का, हे समजण्यासाठी झिंग्याचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसते ते पाहावे लागते.

काचपट्टीवरचा झिंगा

झिंग्याचे डोके काढले, साल सोलली, पाठीवरचा काळा दोरा ओढून टाकला की हातात उरतो तो जवळजवळ सगळा स्नायू. पाण्यात कोणी धक्का दिला की झिंगा शेपटी पोटाकडे झटक्यात वळवतो आणि मागच्या मागे उडी घेतो. ती उडी हे या स्नायूचे काम. त्याचा अगदी पातळ काप काढून, रंगवून काचपट्टीवर पाहिला तर लांबलचक तंतूंच्या जुड्या दिसतात आणि प्रत्येक तंतूवर आडवे पट्टे दिसतात. एक गडद, एक फिका, पुन्हा एक गडद. बकऱ्याच्या मटणात, कोंबडीच्या तंगडीत आणि आपल्या दंडातही असेच पट्टे असतात.

पट्ट्यांच्या या एका एककाला सार्कोमिअर म्हणतात. आपल्या स्नायूत त्याची लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरचा जवळपास चारशेवा भाग. खेकड्याच्या नांगीतल्या स्नायूत हेच एकक कितीतरी लांब असते, काही तंतूंत १० मायक्रोमीटरच्याही पुढे जाते. एकक लांब असेल तर स्नायू सावकाश आखडतो, पण जोर जबर लावतो. मेळघाटातल्या नाल्यात दगडाखाली हात घालून खेकडे धरणाऱ्या पोरांना हा जोर चांगला ठाऊक असतो. शिंपल्याची गोष्ट आणखी निराळी. त्याची दोन कवचे मिटवून धरणाऱ्या स्नायूचा काही भाग असा असतो की एकदा आवळला की फारशी ऊर्जा खर्च न करता तासन्‌तास तसाच राहू शकतो.

तिघांचे काम वेगळे आणि त्यासाठी रचनाही वेगळी. पण आणखी खोलात गेले की तिघांत एक गोष्ट समान सापडते.

प्रत्येक एककात दोन प्रकारचे धागे असतात. जाड धागे मायोसिन या प्रथिनाचे आणि बारीक धागे ॲक्टिनचे. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः लहान होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट १९५४ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी एकाच वेळी मांडली. त्यांतल्या एकात ह्यू हक्सली व जीन हॅन्सन होते, दुसऱ्यात अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगर्क. बारीक धाग्याच्या खोबणीत आणखी एक प्रथिन लांबच्या लांब पडलेले असते. त्याचे नाव ट्रोपोमायोसिन. केंब्रिजच्या केनेथ बेली यांनी ते १९४६ मध्ये शोधले. स्नायू विश्रांतीत असताना हे प्रथिन जाड धाग्याला बारीक धाग्यावर पकड घेऊ देत नाही. मेंदूकडून हुकूम आला, पेशीत कॅल्शियम सुटले की ते खोबणीत थोडे बाजूला सरकते आणि पकड बसते. त्याला बाजूला सारणाऱ्या प्रथिनाचे नाव आपल्या वाचकांनी नक्की ऐकले असेल. छातीत दुखू लागल्यावर रक्तात 'ट्रोपोनिन' तपासतात, तेच हे. आपल्या हृदयातही हीच जोडी काम करते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही

ट्रोपोमायोसिनची घडण आपल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. दोन धागे एकमेकांभोवती पिळून सूत करावे तशी ती आहे. प्रत्येक धागा २८४ अमिनो आम्लांचा आणि पिळलेल्या जोडीची लांबी सुमारे ४० नॅनोमीटर. मिलिमीटरचे २५ हजार भाग केले तर त्यांतला एक.

झिंग्याच्या ॲलर्जीचा मुख्य गुन्हेगार हाच पिळदार धागा आहे, आणि तो ओळखण्यात आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने भारतीय किनाऱ्यावरच्या झिंग्यातून उकळल्यावरही टिकणारे ॲलर्जीकारक प्रथिन वेगळे काढले आणि १९८९ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे १९९३ मध्ये अमेरिकी सहकाऱ्यांसोबत त्यांनी दाखवून दिले की ते प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. त्यानंतर आर्जिनिन कायनेज, मायोसिनची हलकी साखळी अशी आणखी काही प्रथिनेही सापडली. तीही स्नायूतलीच. या यादीत आयोडीन कुठेच नाही.

आता ते तीन सल्ले तपासून पाहू.

पहिला, भरपूर शिजवण्याचा. अंड्यातली काही प्रथिने उष्णतेने कायमची बदलतात, म्हणून अंड्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना केकमधले अंडे चालते. ट्रोपोमायोसिनचे तसे नाही. उकळत्या पाण्यात त्याचा पीळ उकलतो, पण पाणी निवले की पुन्हा बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

दुसरा, नुसता रस्सा घेण्याचा. हे प्रथिन शिजताना पाण्यात उतरते. त्यामुळे झिंगे काढून टाकले तरी रश्शात ते असतेच. ज्या तेलात झिंगे तळले त्याच तेलात भजी किंवा चिकन तळले तर त्यातही अंश उतरू शकतो. तीव्र ॲलर्जी असलेल्या काहींना तर झिंगे उकळताना निघणाऱ्या वाफेनेही शिंका आणि दमा सुरू होतो. आठवडी बाजारात सुटी मिळणारी सुकट आणि जवळाही याला अपवाद नाही. वाळवल्याने मांसातले पाणी जाते, प्रथिन राहते. पाकीटबंद खाद्यपदार्थावर त्यात कवचधारी जलचर असल्याचा उल्लेख करणे आता कायद्याने बंधनकारक आहे. पण कागदात बांधून दिलेल्या सुकटीवर किंवा त्यापासून केलेल्या चटणीवर अशी सूचना कोण लिहिणार?

तिसरा, नदीचा झिंगा चालतो, हा. वर्धा, पूर्णा, काटेपूर्णेच्या पाण्यातला झिंगा काय, मुंबईहून बर्फात येणारी कोळंबी काय, दोघांचेही स्नायू त्याच धाग्याने विणलेले आहेत. मेळघाटातला खेकडाही तसाच. म्हणून एका कवचधारी प्राण्याची ॲलर्जी असलेल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याचीही असते. शिंपले, तिसऱ्या यांच्यातले प्रथिन थोडे वेगळे असल्याने त्यांचा त्रास काहींनाच होतो, पण तपासणी झाल्याशिवाय प्रयोग करू नये. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कोळंबी वाढवण्याचे प्रयत्न होत आहेत. ते यशस्वी व्हावेत, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे यावेत. त्यासोबतच वऱ्हाडात झिंगा खाणारे वाढतील आणि त्याची ॲलर्जी असलेलेही जास्त दिसू लागतील, हे आरोग्य यंत्रणेने गृहीत धरायला हवे.

मासा वेगळा, झुरळ जवळचे

इथे एक चांगली बातमी आहे. झिंगा हा मासा नाही. रोहू, कतला, मरळ, वाम यांची ॲलर्जी मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनाची असते. म्हणून झिंग्याने त्रास होणाऱ्याने आयुष्यभर मासोळी सोडलीच पाहिजे असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने नीट तपासून ठरवता येते. 'मासोळीची ॲलर्जी' असे मोघम लिहून आपण गरीब माणसाचे स्वस्त आणि उत्तम प्रथिन विनाकारण बंद करतो.

मग मटण आणि कोंबडीतही ट्रोपोमायोसिन असते, त्याचा त्रास का होत नाही? कारण ते आपल्या स्वतःच्या प्रथिनाशी इतके मिळतेजुळते असते की शरीर त्याला परके मानत नाही. झिंग्याचा धागा लांबीला तेवढाच असला तरी त्यातली अमिनो आम्लांची मांडणी पुष्कळ वेगळी आहे. तेवढा फरक रोगप्रतिकारक यंत्रणेला पुरतो. ती त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी तोच धागा पोटात गेला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिनसारखी रसायने बाहेर पडतात आणि काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात.

याउलट झुरळ आणि अंथरुणातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म किडे हे झिंग्याचे दूरचे भाऊबंद आहेत. त्यांच्या ट्रोपोमायोसिनची मांडणी झिंग्याशी सुमारे ८० टक्के जुळते. याचा एक चमत्कारिक परिणाम २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला. धर्माने कवचधारी जलचर वर्ज्य असल्याने ज्यांनी ते कधीच खाल्ले नव्हते अशा ज्यू लोकांच्या रक्तात झिंग्याच्या ट्रोपोमायोसिनशी जुळणारी प्रतिपिंडे सापडली. ती धुळीतल्या किड्यांमुळे किंवा झुरळांमुळे तयार झालेली होती.

आपल्याकडे याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. रक्ताच्या एका नळीत पन्नास-शंभर पदार्थांची ॲलर्जी तपासून देणाऱ्या पॅकेजांची सध्या चलती आहे. माळकरी घरातला, जन्मात झिंगा न खाल्लेला माणूस हजारो रुपये मोजून अहवाल आणतो आणि त्यात 'कोळंबी : पॉझिटिव्ह' असे असते. तो घाबरतो. त्याला खरा त्रास बहुधा गादीतल्या धुळीचा असतो. रक्तात प्रतिपिंड सापडणे आणि प्रत्यक्ष ॲलर्जी असणे यांत अंतर आहे. आधी रुग्णाची हकिकत, मग त्या हकिकतीला धरून एखाददुसरी तपासणी, हाच क्रम बरोबर आहे.

आयोडीन कुठून आले?

आयोडीन हे मूलद्रव्य आहे. थायरॉइड ग्रंथीला ते रोज लागते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम. ते आपण रोज मिठातून घेतो. मूलद्रव्याविरुद्ध अशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. कोणाला खरोखर आयोडीनची ॲलर्जी असती, तर तो घरच्या वरणभातालाही मुकला असता.

तरीही हा समज डॉक्टरांमध्येही पसरला. १९७० च्या दशकात अमेरिकेत सीटी-एक्सरेच्या औषधाने त्रास झालेल्या रुग्णांच्या मोठ्या पाहण्या झाल्या. त्यांतल्या काही रुग्णांना कवचधारी जलचरांची ॲलर्जी होती, असे दिसले. समुद्री अन्नात आयोडीन, औषधातही आयोडीन, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. त्याच पाहण्यांत दूध आणि अंड्याची ॲलर्जी असलेलेही जवळजवळ तितकेच होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दुधाची ॲलर्जी आहे म्हणून कोणी सीटी स्कॅन थांबवत नाही. मग झिंग्यालाच हा न्याय का? अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आता स्पष्ट सांगतात की केवळ कवचधारी जलचरांच्या ॲलर्जीमुळे हे औषध नाकारू नये आणि त्यासाठी आधी वेगळी औषधेही देऊ नयेत.

औषधाची रिॲक्शन येतच नाही, असे मी म्हणत नाही. ती येते, क्वचित गंभीरही असते. पण ती औषधाच्या पूर्ण रेणूमुळे येते. म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. याआधी हेच औषध दिले होते का, तेव्हा काय झाले? दमा आहे का? कशाचीही तीव्र ॲलर्जी आली होती का? मूत्रपिंडाची तपासणी कशी आहे, मधुमेहाची कोणती गोळी सुरू आहे, थायरॉइड वाढलेला आहे का? ही उत्तरे मिळाली की निर्णय घेता येतो. जखमेला लावायच्या तपकिरी आयोडीनच्या औषधालाही हेच लागू. ते लावल्याने कोणाची त्वचा लाल होऊ शकते, पण त्याचा झिंग्याशी संबंध नाही.

सुई कोणती आणि कुठे

आता सर्वांत महत्त्वाचे. झिंगा किंवा खेकडा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांच्या आत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलट्या असा त्रास झाला तर ती ॲलर्जी असू शकते. शिळ्या अन्नाची बाधा सहसा उशिरा आणि एकाच पंगतीतल्या अनेकांना होते. घसा दाटणे, आवाज बसणे, छातीत घरघर, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांतले काहीही सुरू झाले, तर ती ॲनाफिलॅक्सिस ही जीवघेणी अवस्था समजावी. अशा वेळी आमसूल चोळण्यात, घरातली ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला आडवे करावे, पाय थोडे वर घ्यावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे.

दवाखान्यात पहिली सुई ॲड्रेनॅलिनची हवी आणि ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. प्रौढाला साधारण अर्धा मिलिग्रॅम. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीची सुई आणि स्टिरॉइड नंतर देता येतात. गांधी त्यांनी बसतात, पण सुजलेला घसा उघडणे आणि पडलेला रक्तदाब वर आणणे हे काम ॲड्रेनॅलिनच करते. आपल्याकडे मात्र पहिल्या दोन सुया टोचून होतात, सलाइन लागते आणि ॲड्रेनॅलिनची आठवण शेवटी येते. हृदयाला अपाय होईल ही भीती त्यामागे असते. स्नायूत, योग्य मात्रेत दिलेले ॲड्रेनॅलिन सुरक्षित आहे. उशीर सुरक्षित नाही. ही सुई स्वस्त आहे, साठवायला सोपी आहे आणि ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेतो ती तयार पेनसारखी सुई आपल्या गावांत सहज मिळत नाही. म्हणून इथे उपकेंद्रातल्या परिचारिकेचे प्रशिक्षण हेच त्या पेनचे काम करणार आहे.

आणखी एक गोष्ट. मागच्या वेळी नुसते पित्त उठले होते, म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची हमी नसते. जेवणानंतर लगेच मेहनतीचे काम, दारू किंवा काही वेदनाशामक गोळ्या यांमुळे तोच झिंगा अधिक जोराचा त्रास देऊ शकतो. ही ॲलर्जी बरेचदा मोठेपणी सुरू होते आणि सहसा आयुष्यभर राहते. 'लहानपणी खात होतो, तेव्हा काही होत नव्हतं' हा पुरावा होत नाही.

करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. रुग्णालयांनी आपल्या छापील अर्जावरचा झिंग्याचा आणि आयोडीनचा संबंध काढून टाकावा आणि त्या जागी जुन्या रिॲक्शनचा प्रश्न छापावा. आरोग्य केंद्रांनी आपत्कालीन ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन सर्वांत वर, हाताला लागेल असे ठेवावे. आणि ज्यांना झिंगा किंवा खेकडा चालत नाही, त्यांनी डॉक्टरांकडून खात्री करून घेऊन आधार कार्डासोबत एक चिठ्ठी ठेवावी. त्यावर पदार्थाचे नाव लिहावे, काय झाले होते आणि कधी झाले होते ते लिहावे आणि खाली डॉक्टरांकडून आणखी एक ओळ लिहून घ्यावी : आयोडीन चालते.